दादाला खायला घातलं का?

माझी धाकटी बहीण संशोधक आहे आणि खोटारडी आहे. पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, दुसरी फक्त मला. तिच्या संस्थेच्या मासिकात तिचा पांढऱ्या कोटातला फोटो आला आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘भावाच्या रक्ताच्या कर्करोगासाठी झाडांचं संशोधन सोडलं’. आईने ते पान कापून फ्रीजवर लावलं. औषधांमुळे माझ्या घशाला सारखी कोरड पडायची, त्यामुळे दिवसातून दहा वेळा फ्रीज उघडायचा तो मीच, आणि दहाही वेळा डोळ्यांसमोर हिचा त्याग.

खरी गोष्ट अशी आहे. ही बाई बारा वर्षं झाडांच्या मागे होती. पानाचा नखाएवढा तुकडा बाटलीत घालायचा, त्याला हवं नको ते बघायचं आणि त्यातून अख्खं रोप उभं करायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग तिचा विभागच बंद झाला. तिचे खोके मी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून घरी आणले, ती शेजारी बसून नाक पुसत होती. आठ महिने नुसती घरात. शेवटी रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेला पेशी बाटलीत जगवता येणारा माणूस हवा होता, तिथे चिकटली. तिथले लोक तिला ‘माळीणबाई’ म्हणायचे. तेव्हा मी ठणठणीत होतो. माझा रिपोर्ट आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. आईला एवढी वजाबाकी येत नाही असं नाही, तिला ती करायची नाही.

माझ्या डॉक्टरांनी संशोधनासाठी थोडं रक्त मागितलं, मी सही केली, आणि ते फिरून हिच्याच टेबलावर गेलं. नवी औषधं आधी रुग्णाच्या रोगट पेशींवर बाटलीत घालून बघतात, पण त्या अंगाबाहेर काढल्या की बहुधा आठवड्याभरात मरतात म्हणे. माझ्या मेल्या नाहीत. एका दुपारी औषधाची तिसरी फेरी संपवून मी बादलीशेजारी पडलो होतो, तेव्हा तिचा फोन आला.

“दादा, तुझ्या पेशी काय छान वाढताहेत.”

माझं वजन तेव्हा एकोणपन्नास किलो होतं. मी फोन कापला. तिला वाटलं लाइन तुटली, म्हणून तिने परत केला.

महिन्याभराने ती दुसरा फॉर्म घेऊन घरी आली. पहिल्या सहीवर पेशी फक्त तिच्या प्रयोगशाळेला वापरता येत होत्या. आता त्या इतर देशांतल्या लोकांनाही द्यायच्या होत्या, आणि माझ्या नव्या सहीवाचून ते अडलं होतं. मी दोन दिवस अन्नाला शिवलो नव्हतो, त्यामुळे आई वाटी-चमचा घेऊन डोक्यावर उभी होती. मी पेन उचललं आणि बहिणीचा मोबाइल वाजला. तिने सवयीने स्पीकरवर घेतला. तिची सहकारी विचारत होती, “मॅडम, आज दादाला खायला घातलं का? नाहीतर मी घालते.”

बहिणीने फोन घाईघाईने बंद केला. पेशींच्या बाटल्यांवर नंबर असतात, पण बोलताना काहीतरी नाव लागतंच, असं काहीसं ती पुटपुटली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फॉर्म उपडा केला.

“आधी आईला सांग, तू झाडं का सोडलीस.”

“तुझ्यासाठी सोडली, आणखी काय सांगायचं?” आईच मध्ये पडली. “पोरगी जीव ओततेय आणि तू तिच्यावर डाफरतोस.”

मी बहिणीवरची नजर काढली नाही. शेवटी ती टेबलाकडे बघत बोलली.

“आई, माझी नोकरी गेली म्हणून मी झाडं सोडली. दादाचा रिपोर्ट वाचला तेव्हा मला आधी रडू नाही आलं. या प्रकारच्या पेशी आमच्याकडे नाहीत, याचं रक्त मिळालं तर बरं होईल, असं आधी वाटलं. रडू नंतर आलं.”

आईने वाटी ठेवली आणि आत निघून गेली. मी खरं मागितलं होतं, ते मिळालं. ते एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मला तिचा भयंकर राग आला. पहिल्या फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, संमती कधीही मागे घेता येते आणि मग पेशी नष्ट केल्या जातात. मी तिला तसं लेखी दिलं, चांगल्या सुवाच्य अक्षरात. आमच्याकडे इतक्या वर्षांत फक्त तुझ्याच पेशी जगल्यात, असं ती म्हणाली. मग आता दुसऱ्या कुणाचा तरी भाऊ शोध, असं मी म्हणालो.

पेशी नष्ट होताना मला बघायचं होतं. नियमात बसत नव्हतं, तरी सकाळी कुणी यायच्या आत तिने मला आत घेतलं, कोट आणि मास्क चढवला. एका उबदार कपाटातून तिने चौदा चपट्या बाटल्या काढल्या, तळाशी पेशींना पोसणारं गुलाबी पाणी असलेल्या. गोठवून ठेवलेल्याही बाहेर आणल्या. एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिने मला बघायला लावलं. गोल, तुकतुकीत पेशी, एकमेकींना खेटून बसलेल्या. दीड वर्षात माझं म्हणावं असं इतकं धडधाकट काही मी पाहिलं नव्हतं. मी थांब म्हणणार होतो, तोंड उघडलंही होतं, पण तिच्यापुढे माघार घ्यायची म्हणजे जिवावर आलं.

तिने एकेका बाटलीत ब्लीच ओतलं. पाण्याचा रंग गेला. आम्ही वीस मिनिटं स्टुलांवर बसून राहिलो. मग तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“मेल्या?” मी विचारलं.

“मेल्या.”

“सगळ्या?”

“इथल्या सगळ्या,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. “तुझ्या अंगातल्या मारायला मला ह्याच हव्या होत्या, दादा.”