जांभळा पाव

बार्सिलोनात आमच्या टेकडीवर, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, परदेशांतून आपणहून फ्रँकोविरुद्धच्या आमच्या लढाईत लढायला आलेल्यांचं स्मारक आहे. त्याच्या समोरच्या बाकावर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याला थापा मारतो. टेकडीवर हे सगळ्यांना माहीत आहे. माझी बायको होती तोवर ती लोकांना आधीच सांगून ठेवायची, की एउदाल्दने वेळ सांगितली तरी घड्याळात बघा.

एमरिसची गोष्ट सगळ्यात जास्त चालायची. एमरिस वेल्सचा, कोळशाच्या खाणीतला. अडतीस साली एब्रो नदीपलीकडच्या डोंगरात त्याने वाइनने भरलेलं पिंप उतारावरून रणगाड्यावर सोडलं. पिंप फुटलं, रणगाड्यातले चौघे तोंडं वर करून वाइन प्यायले, आणि रणगाडा वाकडातिकडा फिरत आपल्याच माणसांच्या अंगावर गेला. पुढे एमरिसला गोळी लागली ती रात्री, गाणं म्हणताना. लोक डोळे पुसायचे. शेजारी बसलेला बोनिफासी, जन्मभर ट्राम हाकलेला माणूस, डोळे मिटून ऐकायचा आणि लोक गेले की म्हणायचा, "मागच्या आठवड्यात दोन रणगाडे होते. एक विकलास की काय?"

मी रणगाडा कधी पाहिला नव्हता. एमरिसला मात्र पाहिलं होतं.

लढाईला पन्नास वर्षं झाली त्या ऑक्टोबरातली गोष्ट. रविवारी सकाळी बसमधून रेमेई उतरली. ही आमच्या औषधवाल्याची बहीण. लंडनमध्ये वीस वर्षं लोकांची घरं सांभाळून इंग्रजी शिकून आलेली. तिच्यासोबत एक उंच म्हातारी होती, डोक्यावर हिरवी टोपी, हातात पर्स घट्ट धरलेली.

"एउदाल्द, नीट बस," रेमेई म्हणाली. "या ओल्वेनबाई. तुझ्या त्या एमरिसची धाकटी बहीण. तू त्याला ओळखायचास हे कुणीतरी तिकडे सांगितलं, म्हणून या वयात एकट्या आल्यात. आणि हे बघ, आज पिंप नको."

ओल्वेनबाईंनी आधी स्मारकापाशी जाऊन दगडावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बाकावर येऊन पर्समधून फोटो काढला. तोच. पुढचा दात तुटलेला, कान बाहेर आलेले. माझ्या पोटात जे गेल्या पन्नास वर्षांत पचलं नव्हतं ते वर आलं.

त्या बोलल्या, आणि रेमेईने सांगितलं, "त्या विचारतात, त्याने शेवटचं काही लिहून ठेवलं होतं का. त्यांच्या आईला सरकारी कागद आला, पत्र नाही आलं. म्हातारी मरेपर्यंत पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची. पाऊस असला तरी."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पिंप तयारच होतं, नुसतं लोटायचं होतं. बाई खूश होऊन घरी गेल्या असत्या.

"पत्र लिहिलं होतं," मी म्हणालो. "माझ्याकडे दिलं होतं. मी ते खाल्लं."

बोनिफासीने डोळे उघडले. रेमेई माझ्याकडे बघतच राहिली.

"लाज वाटू दे जरा," ती म्हणाली. "हे मी नाही सांगणार त्यांना. बाईचा भाऊ गेलाय आणि तुला थट्टा सुचते."

"थट्टा नाही गं. सांग."

"तू आयुष्यात एक तरी गोष्ट खरी सांगितलीस का? तुझ्या लग्नात अस्वल नाचलं, हे तू पाद्र्याला सांगितलं होतंस."

"हिच्यात रणगाडा आहे का, बघ," मी म्हणालो. "पिंप आहे का? मी तरी कुठे चांगला दिसतोय हिच्यात?"

रेमेई माझ्या शेजारी टेकली. "हळूहळू बोल," म्हणाली.

मी तेव्हा सतरा वर्षांचा. आमची बेकरी होती. दर आठवड्याला सरकारी लॉरीतून पाव नदीपर्यंत आणि तिथून खेचरावरून वर डोंगरात, हे माझं काम. एमरिसने पत्र माझ्या हातात दिलं, कारण छावणीच्या टपालात अर्ध्या ओळी काळ्या करत. खुणेने म्हणाला, शहरातून टाक. पुढच्या खेपेला गेलो तर तो नव्हता. पत्र टाकायला मला पाच मिनिटं लागली असती. उद्या टाकू, म्हणत राहिलो. आधी तिकिटं मिळेनात, मग एक मुलगी होती, मग बाँब पडत होते. असे चार महिने गेले. जानेवारीत फ्रँकोचं सैन्य शहराशी आलं, आणि परदेशी शिपायाचं पत्र खिशात सापडलं तर काय होईल, हे सगळ्यांना कळत होतं. गल्लीगल्लीत लोक कागद जाळत होते. मी जाळलं नाही. बेकरीवाल्याचा पोरगा मी, मला लपवायला एकच जागा ठाऊक. शेवटचं पीठ मळलं, पत्र तेलकट कागदात गुंडाळून मधे घातलं आणि मोठा गोल पाव भाजला. सरहद्दीपलीकडे जाऊन फोडायचा आणि फ्रान्समधून पत्र टाकायचं.

"सरहद्दीकडे चालत निघालो, चौथ्या दिवशी भूक लागली," मी म्हणालो. "तीन दिवस पाऊस आणि बर्फ. पाव भिजलेला. कडेकडेने खाऊ, मधला भाग ठेवू, असं ठरवून सुरुवात केली. मधे पोचलो तर कागदाचा लगदा झालेला, आणि भोवतीचा पाव जांभळा. फेकून द्यायचा होता. पण आमच्या घरात पाव फेकत नाहीत. जमिनीवर पडला तरी उचलून त्याचा मुका घेतात. म्हणून तोही खाल्ला. लगद्यासकट."

रेमेई इंग्रजीत सांगत होती. 'जांभळा' म्हणताना तिने माझ्या स्वेटरच्या जांभळ्या काठाकडे बोट दाखवलं. ओल्वेनबाईंनी तिचा हात धरून थांबवलं.

"त्या म्हणतात, जांभळाच ना? नक्की?"

"नक्की. दोन दिवस जीभ तशीच होती."

ओल्वेनबाईंनी स्वतःच्या ओठांना बोट लावलं आणि भराभर काही सांगितलं. रेमेईचा आवाज बदलला. "त्याच्याकडे ती पेन्सिल होती, ओली केली की जांभळी उमटणारी. तो जिभेवर ओली करायचा. रविवारी चर्चमध्ये जांभळ्या तोंडाने गायला उभा राहायचा आणि आई मागून चिमटे काढायची. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचा विश्वास बसला, एउदाल्द."

आता हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"पानं किती होती, विचारतात."

"चार. दोन्ही बाजूंनी. वर 'मॅम', म्हणजे आई, असं लिहिलं होतं. तेवढंच मला वाचता आलं."

हे ऐकून त्या पहिल्यांदा रडल्या. एमरिस म्हणे कधी चार ओळींच्या वर लिहायचा नाही. आठ बाजू भरून त्याला आईला काय सांगायचं होतं?

मग डोळे पुसून त्या माझ्याकडे सरळ बघत काहीतरी बोलल्या. रेमेईने सांगितलं.

"म्हणतात, तुम्ही गोष्टी चांगल्या रचता असं ऐकलंय. मग सांगा. काय लिहिलं असेल?"

मी तोंड उघडलं. रणगाडे, पिंपं, अस्वलं, सगळी कुठे गेली कळेना. 'मॅम' या शब्दाच्या पुढे एक अक्षरही सुचेना.

"सांग की रे काहीतरी," बोनिफासी पुटपुटला. "उगाच कशाला छळतोस बाईंना."

बस आली तेव्हा ओल्वेनबाई उठल्या. हात पुढे केला नाही, रागही दाखवला नाही. शनिवारपर्यंत शहरात आहे, एवढंच सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. थोड्या वेळाने शाळामास्तरांसारखं दिसणारं एक जोडपं आलं, आणि एमरिसची गोष्ट तुम्हीच सांगता ना, असं मला विचारलं. मी बोनिफासीकडे बोट दाखवलं. त्याने घसा खाकरून सांगितली. फार वाईट सांगितली. एकच रणगाडा, तोही बिघडलेला.

ओल्वेनबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्या बोनिफासीकडे बघतही नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मंगळवारी तशाच बसल्या, बुधवारीही. मी रोज घरून ठरवून निघायचो, की आज त्या पत्राची निदान पहिली ओळ तरी रचून सांगायची.