आधी गरम पाणी

"तिचे कपडे कुठं आहेत?" फौजदारबाईंनी विचारलं.

"धुतले," मावशी म्हणाल्या.

"कोणी?"

मावशींच्या एका बाजूला प्राचार्य बसले होते. येताना गाडीत त्यांनी सगळं पढवून ठेवलं होतं. मुलीनं आल्या आल्या स्वतःच आंघोळ केली, कपडेही स्वतःच धुतले, एवढंच सांगायचं. कॉलेजवर बालंट नको आणि मावशींच्या नोकरीवर गदा नको. दुसऱ्या बाजूला ती मुलगी बसली होती, मान खाली घालून.

मावशी म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन. जन्मभर त्यांचं औषध एकच. तापातून उठलेली, नापास झालेली, घरच्या आठवणीनं रडणारी, प्रेमात तोंडघशी पडलेली, कुठलीही पोर समोर आली की आधी गरम पाणी, मग धुतलेले कपडे, मग वेणी, मग पोटात काहीतरी. बोलणं सगळ्यात शेवटी. "हात मोडून घेतला तरी मावशी आधी न्हाऊ घालतील," असं म्हणून मुली हसायच्या आणि मुकाट्यानं न्हायला जायच्या.

ही मुलगी एका रविवारी भर दुपारी आली. वादविवादाच्या तयारीसाठी वरच्या वर्गातल्या एकानं तिला कॉलेजात बोलावलं होतं. दर स्पर्धेत ढाल जिंकून आणणारा, प्राचार्यांच्या गळ्यातला ताईत. रिकाम्या वर्गाचं दार त्यानं आतून लावून घेतलं होतं. मुलीनं मावशींना तुटक तुटक सांगितलं. मग त्यांनी सगळ्या पोरींचं करायच्या तेच तिचं केलं, दुप्पट मायेनं केलं. कपड्यांवरचा डाग निघेना तेव्हा ब्रशनं घासला. केस धुतले, तुटलेली नखं कापून सारखी केली. नंतर प्राचार्यांना फोन लावला. "सर, पोलिसांना कळवू का?"

"वेड लागलंय का तुम्हाला? आपली समिती आहे ना!"

समिती होती. ती सवडीनं बसली. मुलीला तिनं विचारलं, सुटीच्या दिवशी तिथं गेलीस कशाला, आणि ओरडली कशी नाहीस. मुलाला विचारलं, या प्रकरणाचा अभ्यासावर परिणाम तर होत नाही ना. शेवटी दोघांनीही संयम बाळगावा असं ठरवून समितीनं चहा घेतला आणि हात झटकले. मोठ्या बहिणीनं मुलीला पोलिसांत आणलं तोवर अंगावरचे वळसुद्धा मावळले होते.

"कोणी धुतले, विचारतेय मी."

प्राचार्य खाकरले. मावशींनी मुलीकडे पाहिलं. तिनंच धुतले म्हटलं, तर उद्या तो पोरगा म्हणणार, बघा, काही झालंच नव्हतं, बाई निवांत कपडे धूत बसली होती.

"मी धुतले," मावशी म्हणाल्या. "आंघोळही मीच घातली. ती नुसतं पडू द्या म्हणत होती, मीच ऐकलं नाही. आणि पोलिसांना कळवू का, असं सरांना विचारलं होतं. सर नको म्हणाले."

"मावशींचं आता वय झालंय," प्राचार्य हसून म्हणाले. त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही.

फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, आहे त्याच कपड्यांत दवाखान्यात न्यायचं असतं. नखंसुद्धा कापायची नसतात. सगळा पुरावा मोरीत गेला की! एवढंही कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"आग कशी विझवायची ते शिकवतात, मॅडम. दर वर्षी शिकवतात. हे नाही शिकवलं कोणी."

तेव्हा मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

जबाब पुरा झाला. मुलाच्या बाबतीत सवडीनं बसलेल्या समितीनं मावशींचा निकाल मात्र त्याच दिवशी लावला. पुरावा नष्ट केल्याबद्दल नोकरीवरून कमी. पुराव्याची इतकी काळजी समितीला पहिल्यांदाच वाटली होती.

वसतिगृहाच्या जिन्यात मुलगी भेटली. "मला तुमचा राग यायला हवा," ती म्हणाली.

"मग येऊ दे की गं."

"येतोय. पण बाकीच्यांचाच इतका आहे, की तुमच्यापर्यंत पोचत नाही." आणि नजर न देता ती वर निघून गेली. मावशींना वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुली जेवायला बसल्या तेव्हा मावशी जेवणघराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं.

"पोरींनो, ऐका. कोणावर कधी असा प्रसंग आला, तर आंघोळ करायची नाही. कपडे धुवायचे नाहीत. आहात तशा आधी दवाखाना गाठायचा, पोलिसांना बोलवायचं. सर, समिती, सगळे नंतर. आणि कोणी मायेनं पाणी तापवलं, अगदी माझ्यासारखीनं, तरी नाही म्हणायचं."

सगळ्यांचे हात थांबले. एक नवी मुलगी कावरीबावरी होऊन हसली आणि लगेच गप्प झाली. जिन्यात भेटलेली ती मुलगी दारात उभी होती. त्या रविवारपासून ती खोलीतच जेवत असे. ती आत आली, भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर जागा करून बसली.

"मावशी," ती तिथून म्हणाली, "इथं मागं नीट ऐकू येत नाही. परत सांगा."

मावशींचा आवाज फाटत होता. तरी त्यांनी पहिल्यापासून परत सांगितलं, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं.