सासू येईपर्यंतचा तुकडा

बापाचं नाव पुस्तकात छापून यावं, एवढी एकच देवीदासची इच्छा. आणि ती पुरी झाली हो, तिथंच तर सगळा घोळ झाला!

बाप अंबादास जबलपूरच्या छावणीतल्या इंग्रज बँडमास्तरच्या घरी कामाला होता. साहेब फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, खलाशांच्या नाचाची एक गत वाजवी, हॉर्नपाइप म्हणत तिला. अंबादासनं ती ऐकून ऐकून उचलली. साहेब विलायतेला गेला, फिडल इथंच राहिली, आणि गोहलपूर मोहल्ल्यात आपल्या लोकांच्या लग्नात ती गत वाजू लागली. पण वरात दारात आली की सासू ओवाळायला येईपर्यंत वाजणं थांबवायचं नाही, असा रिवाज. आता सासवा कधी वेळेवर आल्यात? गत तर चुटकीसरशी संपायची. मग अंबादासनं पदरचा एक तुकडा जोडला, गोल गोल फिरणारा. कितीही वेळ वाजवा. त्या तुकड्यावर म्हाताऱ्या डोळे पुसत.

चौऱ्याहत्तर साली विलायतेहून एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन आली. जुन्या इंग्रजी गती कुठून कुठं पोचल्या, याचा शोध घेत होती. देवीदासनं बापाच्या फिडलवर गत वाजवली. तुकडा सुरू झाला तशी बाई डोळे मिटून बसली. मग तिनं काहीतरी विचारलं. देवीदासची मुलगी पद्मजा राइट टाउनला शाळेत शिकवायची, तिनं समजावून सांगितलं.

"बाबा, त्या विचारून राहिल्या, आजोबांनी यात स्वतःचं काही घातलं का?"

देवीदासला ते झोंबलंच. उस्तादाच्या चिजेत हात घालणारा चेला म्हणजे आपल्यात नालायक! दुधात पाणी घालता का, असं गवळ्याला विचारल्यासारखं झालं.

"सासूवाला तुकडा सांगा ना जी," त्याची बायको मालनबाई दारातून म्हणाली.

"तू चूप बस वं!" देवीदास छाती काढून म्हणाला, "लिहा म्हणावं, माझ्या बापानं एक सूर इकडचा तिकडं केला नाही. साहेबानं दिलं तसंच्या तसं!"

टेप फिरत होती.

दोन वर्षांनी बाईचं पुस्तक आलं. देवीदासनं आधी गल्लीत पेढे वाटले, मग पद्मजाला वाचायला बसवलं. 'अंबादास, जबलपूर' हे नाव ऐकून त्यानं हात जोडले. ती पुढं वाचू लागली. गतीचा शेवटचा फिरता भाग विलायतेतल्या कुठल्याच जुन्या वहीत सापडत नाही, तो फक्त जबलपुरात जिवंत राहिला. कुण्या अनामिक इंग्रज खलाशाची ही अप्रतिम रचना. अंबादासनं ती इमानदारीनं सांभाळली, त्यात त्याचं स्वतःचं काहीच नाही.

देवीदासच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"लिही तिला," तो कसाबसा म्हणाला. "तो तुकडा माझ्या बापाचा आहे म्हणावं. बाकी सगळं साहेबाचं, तेवढाच आमचा."

पत्र गेलं. महिन्याभरानं उत्तर आलं, फार गोड. घरच्यांना असं वाटणं साहजिक आहे, पण आमच्याकडचा पुरावा पक्का आहे, असं बाईनं लिहिलं होतं. सोबत त्या दिवशीची टेप पाठवली होती.

शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आधी गत वाजली, मग बापाचा तुकडा, मग मालनबाईचा आवाज. आणि त्यावर देवीदासचा, खणखणीत: "तू चूप बस वं!"

त्यानं मालनबाईकडं पाहिलं. या खेपेला ती चूपच होती.