अप्पांकडून किल्ल्या घेतल्या तेव्हा

मुरुमच्या बाजारपेठेत आमच्या चार खोल्या आहेत. ओळीनं, एकाच माळवदाखाली. आम्ही तुळजापुरात राहतो, म्हणून त्या सांभाळायचे ते गुंडप्पा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. भाडेकरू शोधायचा अप्पांनी, त्याचं घरदार विचारून घ्यायचं अप्पांनी, मृगाच्या आधी माळवदावर माती टाकून घ्यायची अप्पांनी, आणि दोन भाडेकरणी पाण्याच्या हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या की मध्ये पडून दोघींच्या शिव्या खायच्या त्याही अप्पांनीच. मी वर्षातून एकदा जायचो, अप्पांच्या घरी जगदेवीकाकूंच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खायचो, खोल्यांकडे बघून मान डोलवायचो आणि परत यायचो. मालक म्हणून माझं कर्तृत्व एवढंच.

एकसष्ट साली तिसरी खोली दिवाळीपासून रिकामी पडली. अप्पांचं पत्र आलं होतं, की चांगला माणूस मिळेना, घाई करू नये. मीही केली नाही. मग माघात माझा मेहुणा अंबादास आला. हा उमरग्याला कचेरीत कारकून, त्यामुळे सरकारचे सगळे कायदे आपल्याला विचारून होतात असा त्याचा चेहरा.

"भाऊजी, तुमच्या त्या रिकाम्या खोलीत रोज संध्याकाळी उजेड असतो," तो म्हणाला. "मी दोनदा माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुळांनी जमिनी नेल्या, आता घरात बसेल तो घर नेईल. तुमच्या अप्पानं आपलं कुणीतरी आत बसवलंय. बघा बुवा, मला काय करायचंय?"

त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण मी घाबरलो, हे खरं. शाळामास्तरचा पगार, दोन मुली लग्नाच्या, आणि आधार म्हणावा असा त्या चार खोल्यांचाच. रात्रभर मनात अप्पांना शिव्या घातल्या आणि शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा संपताच मुरुमची मोटार धरली.

पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. सरळ खोल्यांकडे गेलो. तिसऱ्या दाराला बाहेरून कुलूप, आणि फळ्यांच्या फटीतून उजेड. चोरी लपवायची तर अशीच लपवतील, असं मला वाटलं. दार वाजवून आत कोण आहे एवढं विचारायचं सुचलं नाही. माणसाची मती फिरली की हात दाराच्या कडीपर्यंत जातच नाही.

अप्पांचं घर मागच्या गल्लीत. मला बघून म्हातारा धोतर सावरत उठला. "मास्तर! चिठ्ठी न्हाय, काय न्हाय. अगं, पाणी आण." मोटारीत मी चांगलं खणखणीत भाषण पाठ केलं होतं. विश्वासघात वगैरे शब्द होते त्यात. पण त्यांच्या तोंडाकडे बघून एकही बाहेर पडेना. शेवटी मी भलतंच बोललो.

"अप्पा, म्हटलं आता खोल्यांचं मीच बघावं. तुमचंही वय झालं. माळवदावर चढायचं, उतरायचं. किल्ल्या माझ्याकडे द्या."

"माझ्याकडनं काय चुकलं का, मास्तर?"

"छे, छे. चुकायचं काय त्यात?"

"मग ठीक हाय. मालक तुमी." त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या किल्ल्या सोडल्या. "चला, दाखवून देतो. कुठलं कुलूप कसं उघडायचं हे ठावं पायजे नव्या माणसाला."

नवा माणूस म्हणजे मी. त्यांच्यामागून निघालो. पहिल्या खोलीची कडी जरा उचलून ओढायची. दुसरीतला रेवणसिद्ध शिंपी भला माणूस, पण त्याच्या बायकोला टोचून बोलायचं नाही, तिचं मूल गेलंय. माळवदाचा चौथ्या खोलीवरचा कोपरा पाणी धरतो, तिथं माती दाबून घ्यायची. सगळं सांगत सांगत त्यांनी तिसऱ्या खोलीचं कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. अंथरूण नाही, चूल नाही, दोरीवर एक चिरगूटही नाही. सारवलेली भुई, आणि भिंतीतल्या देवळीत तेलाचा दिवा.

"हे बी आता तुमालाच बघावं लागंल," अप्पा म्हणाले. "रझाकाराच्या वक्ताला तुमी समदे बार्शीला निघालात, तवा तुमच्या आईनं सांगितलंतं. अप्पा, घर रिकामं ऱ्हाईल ते ऱ्हाऊ द्या, पर अंधारात ठेवू नका. तवापास्नं जी खोली रिकामी पडंल तिथं सांजंला दिवा लावून कुलूप घालतो. तेल घरचंच असतंय." त्यांनी दिव्याची वात जरा पुढं सारली. "पर तुळजापुरास्नं तुमी रोज कसं येणार? एक किल्ली माझ्यापाशी... न्हाय, नको. दिल्या त्या दिल्या."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिनं असं काही सांगितलं होतं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

लाज वाटली. अंगावर घाम फुटावा इतकी लाज वाटली. 'अप्पा, माझं चुकलं, किल्ल्या ठेवा' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणालो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मग आलाच कशाला? आणि मला सांगावं लागलं असतं की तुम्हाला चोर समजून आलो. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. त्यांनी किल्ल्या पुढं केल्या आणि मी त्या घेतल्या.

सकाळी मोटारीपाशी दोघं नवराबायको आली. काकूंच्या हातात भाकरी आणि शेंगाच्या चटणीचं गाठोडं. ते देता देता त्या एकदम म्हणाल्या, "मास्तर, खरं सांगा. कुणी कान भरले का तुमचे? ह्यांना रातभर झोप न्हाय. काय चुकलं, काय चुकलं, एकच चाललंय."

"गप गं!" अप्पा खेकसले. "मास्तर हायत ते. पोरास्नी शिकवत्यात. त्ये कशाला खोटं बोलत्याल?"

आणि दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

"खरंच काकू," मी म्हणालो. "अप्पांना जरा आराम मिळावा, एवढंच."

अप्पांचा चेहरा लगेच मोकळा झाला. "बघ, म्या म्हणलं न्हवतं?" असं बायकोला म्हणून त्यांनी मला दोन्ही हात जोडले. काठोकाठ भरलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "लई उपकार झाले, मास्तर."

मीही हात जोडले.