आतल्या कडेने झिजलेला

मी टायर बोलतोय. पिवळ्या स्पोर्ट्स कारचा मागचा डावा टायर. माझं कोणी ऐकेल अशी फारशी आशा नाही. गाडी पळत होती तेव्हा मी वर्षभर ओरडत होतो, तेव्हाही कोणी ऐकलं नाही. आता तर मी फाटून पडलोय. पण पोटात ठेवून भंगारात जाण्यापेक्षा एकदा बोलून टाकावं म्हणतो.

माझा जन्म एका कारखान्यातला. रबराचे थर, त्यांच्या आत बारीक पोलादी तारा आणि वरून खोल खोबणींची नक्षी. तापलेल्या साच्यातून मला बाहेर काढलं तेव्हा एका बाईने हातमोजा घालून माझ्या अंगावरून हात फिरवला. बाहेरून फिरवला, आतून फिरवला, मग उलटा करून पुन्हा पाहिलं. तिला दिवसाला शेकडो टायर तपासायचे असत, तरी तिने कंटाळा केला नाही. पुढे आयुष्यात मला दोन्ही बाजूंनी नीट बघणारं आणखी एकच माणूस भेटलं.

साध्या गाडीचे टायर सुखी असतात. पुढचे मागे, मागचे पुढे असे ते आलटून पालटून लावतात आणि झीज सगळ्यांना सारखी वाटून जाते. आमच्यात ते नाही. मागचे आम्ही दोघे रुंद, पुढचे दोघे अरुंद. शिवाय कुठल्या दिशेने फिरायचं त्याचा बाण अंगावरच कोरलेला. ज्या जागी बसवलं त्याच जागी झिजून मरायचं, असा आमचा जन्म.

माझे मालक दातांचे डॉक्टर. गाडीवर त्यांचा भारी जीव. सुट्टीच्या दिवशी सकाळी बादली, फडकं आणि बाटल्या घेऊन ते अंगणात यायचे. गाडी धुवून झाली की आम्हाला काळं पॉलिश लावायचे. किती प्रेमाने लावायचे! पण फक्त बाहेरच्या बाजूला. शेजारी थांबून म्हणायचे, "डॉक्टर, टायरसुद्धा चमकतात हो तुमचे!" डॉक्टर खूश व्हायचे. खरं सांगतो, तेव्हा मीही फुगायचो.

मग एक दिवस त्यांनी कुठेतरी एक फोटो पाहिला. त्यातली गाडी रस्त्याला अगदी चिकटलेली होती. झालं! तशीच आपलीही हवी. चांगल्या धडधाकट स्प्रिंगा काढल्या, आखूड बसवल्या आणि गाडी खाली आणली. बघणाऱ्यांनी वाहवा केली. पण गाडी खाली बसल्यामुळे आमची चाकं कलली. डोकं आत गेलं, पाय बाहेर फाकले आणि सगळं वजन माझ्या आतल्या कडेवर आलं. वाकड्या चालीच्या माणसाचा जोडा एकाच बाजूने झिजतो ना, तसं माझं सुरू झालं.

बाहेरून मी अजून कोरा होतो. आतून रोज थोडा सोलला जात होतो. रस्ता ओला असला की वळणावर माझा पाय सुटायचा. सरळ रस्त्यावर मी घोंघावायचो, कारण नीट फिरणं मला जमत नव्हतं. त्यावर डॉक्टरांनी उपाय शोधला. त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

गाडीची देखभाल एका मिस्त्रींकडे होती. टायर, स्प्रिंगा, चाकांचं अलाइनमेंट ही त्यांची कामं. वय झालेलं, चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं सडेतोड. हवा भरायला म्हणून गाडी नेली की ते न सांगता चारही चाकं बघायचे. असाच एकदा मी जॅकवर टांगलेला होतो. मिस्त्री गाल धरून आले.

"डॉक्टर, जरा बघता का? तीन दिवस दाढ ठणकतेय."

डॉक्टरांनी खिशातली पेनासारखी बारीक बॅटरी काढली. "आ करा. अजून मोठा. अहो मिस्त्री, बाहेरून घासता आणि आतून कोण घासणार? सगळं किडलंय! लोकांचं हे असंच. आरशात दिसतं तेवढं चकचकीत ठेवायचं."

मिस्त्री हसले. गाल दुखत असूनही हसले. "द्या बघू ती बॅटरी इकडे," म्हणाले आणि तीच घेऊन माझ्याखाली पाठीवर सरकले. माझ्या आतल्या कडेवर उजेड पडला. त्यांनी हात फिरवला, जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि खालूनच हाक मारली, "डॉक्टर, आता तुम्ही वाका."

"कपडे खराब होतील हो."

"मग बसा तरी."

डॉक्टर अर्धवट उकिडवे बसले आणि दोन हातांवरून बघून म्हणाले, "चांगला तर दिसतोय."

"बाहेरून दिसणारच! आतून गुळगुळीत गोटा झालाय. तुमच्या जुन्या स्प्रिंगा मी जपून ठेवल्यात, त्या परत टाकू. गाडी वर येईल. आणि मागचे दोन्ही टायर बदला."

"आणि मग ती टेम्पोसारखी दिसेल!"

"दिसू दे की. टेम्पोवाले घरी पोचतात."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

हा 'बघू' मी पुष्कळ ऐकला आहे. माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, आता हा त्या बाजूला मुळीच बघणार नाही. दगडांनी, खिळ्यांनी आणि खड्ड्यांनी मिळून जेवढे टायर खाल्ले नसतील तेवढे या एका शब्दाने खाल्ले आहेत.

पुढे डॉक्टरांनी मिस्त्रींचे किडके दात काढून पूर्ण कवळी बसवून दिली. स्वतः माप घेतलं, स्वतः घासून बेताची केली आणि काही घेतलं नाही. मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला दात दाखवायचे. "डॉक्टर म्हणजे देवमाणूस!" डॉक्टर खरंच हाताचे चांगले होते, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासून डॉक्टरांशी बोलताना मिस्त्रींचा आवाज खाली आला. मिंधेपणाचं असंच असतं. कोणी मागत नाही, तरी माणूस फेडत राहतो.

तरीसुद्धा दुसऱ्यांदा ते बोलले. त्या वेळी माझ्या आतल्या कडेवरचं रबर संपून तार उघडी पडली होती. मिस्त्रींनी मला रिमसकट काढून डॉक्टरांच्या पुढ्यात उलटा ठेवला. डॉक्टरांनी बोट लावलं. तार टोचली, रक्ताचा थेंब आला आणि चेहरा उतरला. त्यांनी पाहिलं. हे नीट लक्षात ठेवा. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"किती दिवस चालेल?"

"दिवस कसले विचारता? माझं ऐकाल तर गाडी इथेच ठेवा. हे माप लगेच मिळत नाही, मागवावं लागेल. तीन आठवडे तरी लागतील."

"मागवा," डॉक्टर म्हणाले, "पण आत्ता हेच चाक परत लावा. आज रविवारी घरी सगळी येणार आहेत, हळू नेतो."

घरी 'सगळी' म्हणजे मुख्यतः धाकटा भाऊ. त्याला घरात छोट्या म्हणत. चाळिशीला आला तरी छोट्याच. तो शाळेत खेळाचा शिक्षक होता, पोरांना धावायला शिकवायचा. स्वतः असा धावायचा की एकदा आमच्या गाडीमागून कोपऱ्यापर्यंत पळत आला आणि खिडकीतून डॉक्टरांना विसरलेला फोन देऊन गेला. डॉक्टर शिकायला बाहेर होते त्या वर्षांत आजारी आईचं सगळं त्याने केलं होतं. भरवणं, पुसणं, रात्रंदिवस उठबस. त्यापायी त्याचं स्वतःचं शिक्षण मागे पडलं. तो हे कधी बोलून दाखवायचा नाही. बाकीचे नातेवाईक मात्र डॉक्टरांना आवर्जून ऐकवायचे, आणि ते डॉक्टरांना सलायचं.

त्यात डॉक्टरांनी मनातून नवी गाडी ठरवली होती. वाटेतच त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. मी खालून ऐकत होतो.

"मिस्त्री, ते टायर मागवू नका. गाडी देऊन टाकतोय."

"कोणाला?"

"आहे एक जण."

"मग त्याला तेवढं टायरचं सांगा बरं का. विसरू नका."

"सांगतो हो, सांगतो."

अंगणात सगळे जमले होते. डॉक्टरांनी किल्ली काढली आणि छोट्याच्या हातात ठेवली. क्षणभर कोणाला काही कळेना. मग छोट्याने दादाला मिठी मारली आणि मोठा माणूस असून हुंदका दिला. वहिनी डोळे पुसत सगळ्यांना सांगत होत्या, "हे असेच आहेत. जीव लावला की हातचं राखत नाहीत." मावशी म्हणाल्या, "आज भावाचे पांग फेडलेस रे!" कौतुकाचा नुसता पूर आला होता.

डॉक्टरांनी दोनदा तोंड उघडलं. मी पाहिलं. एकदा त्यांचे डोळे माझ्याकडे वळलेसुद्धा. पण अशा वेळी कसं म्हणायचं, की बाबा, ही भेट आहे खरी, पण हिचं चाक फाटायच्या बेतात आहे? मिस्त्रींनी दोनदा बजावलं आणि मी गाडीच्या दिसण्यापायी ऐकलं नाही, हे एवढ्या कौतुकात कोण सांगेल? शेवटी ते एवढंच म्हणाले, "जपून चालव हं."

छोट्याने खरंच जपून चालवली. माझ्याइतकं हे कोणाला माहीत असणार? एवढी दांडगी गाडी, आणि हा बैलगाडीसारखी चालवायचा. खड्डा दिसला की थांबायचा, मग अलगद उतरवायचा. पार्किंगमधून निघताना तर गाडीला थोपटायचा. आणि त्याने मला बघितलंसुद्धा! खाली बसून बाहेरच्या खोबणींत नखं घालून पाहिलं आणि समाधानाने उठला. आत बघायचं त्याला सुचलं नाही. का सुचावं? दादाने दिलेली गाडी होती.

अकराव्या दिवशी, सकाळी, तो एकटाच शाळेच्या पोरांच्या शर्यतींसाठी मैदानावर निघाला होता. रस्ता भिजलेला होता. उताराचं एक लांब वळण आलं. त्याने आधीच वेग कमी केला होता, सायकलवाला पुढे गेला असता एवढा. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला. ज्या बाजूवर सगळा भार होता ती बाजू आता उरलीच नव्हती. मी आतून फुटलो. गाडी गर्रकन फिरली आणि छोट्याच्या दाराकडून खांबावर आदळली.

त्याचा जीव वाचला. उजवा गुडघा गेला.

लोकांनी निकाल लगेच देऊन टाकला. स्पोर्ट्स कार, हाताला सवय नाही, मारली असेल जोरात. खेळाचा माणूस, वेगाचा शौक असणारच. हे बोलणाऱ्यांत एकानेही माझ्याकडे वाकून पाहिलं नाही.

गाडी ओढून मिस्त्रींच्याच आवारात आणून टाकली. मिस्त्रींनी ती बघितली, कोणाला दिली होती ते विचारलं आणि बराच वेळ डोक्याला हात लावून बसले. मला उतरवून भिंतीशी आडवा टाकला, बाहेरची बाजू वर. ती अजूनही चांगली दिसते.

तीन महिन्यांनी छोट्या आला. दोन कुबड्या, उजवा पाय ताठ. बरोबर डॉक्टर आणि वहिनी. त्याला गाडी एकदा बघायची होती. एवढं अंतर चालून तो दमला आणि टेकायला जागा शोधत माझ्यावरच बसला. मी त्याला पेललं. तेवढं अजून जमतं.

तो मिस्त्रींना म्हणाला, "काका, एक विचारू? मला आठवतंय की मी हळूच होतो. पण सगळे म्हणतात जोरात होतो. रोज डोक्यात तेच चालतं. टायर कसे होते हो? तुम्हीच बघत होता ना?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. त्या तोंडात डॉक्टरांनी घासून बेताचे केलेले दात होते. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसत होते.

"टायर..." मिस्त्री म्हणाले, "वरून तर चांगलेच होते."

छोट्याने मान हलवली. मग डॉक्टरांना म्हणाला, "म्हणजे चूक माझीच, दादा. तू म्हणाला होतास, जपून चालव. एवढ्या प्रेमाने दिलीस आणि अकरा दिवसांत मी वाट लावली. माफ कर मला."

मी ओरडलो असतो. पण ओरडायला फिरावं लागतं.

डॉक्टर त्याच्याजवळ आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वेडा आहेस का? गाडीचं काय घेऊन बसलास? मी केव्हाच माफ केलंय तुला."

वहिनींना पुन्हा भरून आलं. तिघे हळूहळू फाटकाकडे गेले. मिस्त्री आत जाऊन बसले, त्या दिवशी त्यांनी कुठल्याच चाकाला हात लावला नाही. पण छोट्याच्या मागे धावतही गेले नाहीत. त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. डॉक्टरांकडून मी काही आशा धरली नव्हती, यांच्याकडून धरली होती.

शाळेने छोट्याला आता ग्रंथालयात बसवलंय असं मिस्त्री कोणाला तरी सांगत होते. खिडकीतून मैदान दिसतं म्हणे. उद्या भंगारवाला येईल आणि मला नेऊन तुकडे करील, मग पुरावा म्हणायला काही उरणार नाही. मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझं संपलंय. फक्त नेण्याआधी मला कोणीतरी उलटा करा, आणि त्या माणसाला जाऊन सांगा की त्याने गाडी हळूच चालवली होती.