आजी गेली

लॉन्ड्रीत इस्त्रीला उभ्या असलेल्या ताईला घरून फोन आला. आईला सांभाळणाऱ्या पोरीचा. ही पोरगी परदेशातून इथे पोट भरायला आलेली, ताईच्या आईचं सगळं करणारी. आणि ताईचा धाकटा भाऊ कुठे? तो परदेशात दुसऱ्यांच्या आईबापांचं करायला गेलेला. आता बोला! आपल्या म्हातारीच्या उशाशी परकी लेक आणि आपला लेक परक्या म्हाताऱ्यांच्या उशाशी, असा सगळा उलटा कारभार. बरं, गेल्यापासून स्वारी एकदाही फिरकली नव्हती. सुट्टी असली की तिकीट महाग, तिकीट स्वस्त झालं की सुट्टी नाही.

सांभाळणारीला रडू आवरत नव्हतं. "ताई, आजी गेली. शांतपणे गेली. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

ताईने तिथूनच भावाला कळवलं. निघतो, एवढंच तो म्हणाला. ताई घराकडे धावत सुटली. पडून कंबरेचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणाला खिळली होती, सुटली बिचारी, असं ती मनाला बजावत होती. पण मन ऐकतंय थोडंच.

घरापाशी पोचते तर काय, आई शेजारणीच्या दारात खुर्ची टाकून बसलेली, आणि शेजारणीला तिच्या सूनबाईंवरून चार शहाणपणाचे शब्द ऐकवणं चाललेलं. सांभाळणारी डोळे पुसत कौतुकाने सांगू लागली, की आजी पलंगावरून उठली आणि शेजारी एकटी चालत गेली.

ताईचा जीव असा भांड्यात पडला की हसावं की रडावं तेच तिला कळेना. पोरीला तरी काय बोलणार? म्हातारं माणूस नुसतं 'गेलं' म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

भाऊ विमानतळाच्या वाटेवर होता. ताईने फोन करून खरं सांगितल्यावर तो आधी हसला, मग ढसाढसा रडला. मग अडखळत म्हणाला, की सुट्टी आई गेली म्हणून मिळालीय, तेव्हा आता तिकीट रद्दच करावं लागेल.

आईने ताईच्या हातातून फोन ओढून घेतला.

"मेले असते तर येणार होतास ना? मग मी बोलती-चालती असताना यायला काय झालं तुला?"

पलीकडून तो म्हणाला, "येतोय, आई."