खालच्यांना दिलेली नावं

संत पारास्केवीच्या चर्चची फरशी उचलली, तेव्हा खाली दुसरं चर्च निघालं आणि त्या चर्चच्या फरशीखाली माणसं. उत्खनन करणाऱ्या दानाईनं ती हाडं हलक्या हातानं झाडून डब्यांत भरली, डब्यांवर आकडे घातले आणि अंगणात मांडून ठेवली. दुपारी गाडी त्यांना शहरातल्या प्रयोगशाळेत नेणार होती.

गाडीच्या पुढ्यातच पोलिक्सेनीनं खुर्ची टाकली. मांडीवर मृतांसाठी करतात त्या कोलिव्हाचं ताट : उकडलेले गहू, मनुका, डाळिंबाचे दाणे, वर साखरेचा क्रूस. उभा जन्म चर्चच्या डाव्या अंगाला उभं राहून स्तोत्रं गाण्यात गेलेला. गुडघे गेले तरी गळा शाबूत होता.

"आजी, उठा ना. ड्रायव्हर खोळंबलाय," दानाई म्हणाली.

"खोळंबू दे. ही मंडळी त्याच्याहून जास्त खोळंबलीत. गाऊन निरोप दिल्याशिवाय या अंगणातून कुणी गेलेलं नाही, पोरी. सासूलासुद्धा दिला मी, आणि ती काही मला आवडत नव्हती."

चर्चचे धर्मगुरू पापा सेराफिम दाढी कुरवाळत म्हणाले, "पोलिक्सेनी, मृतांच्या प्रार्थनेला नावं लागतात. यांची कुठून आणू? 'ज्यांची नावं देवाला ठाऊक' एवढं म्हणतो."

"तुमची शेळी हरवते तेव्हा असंच हाकारता का, पापा?"

जमलेली माणसं हसली. पापांनाही हसू आवरेना.

"पहिल्या डब्याला माझं नाव घ्या," पोलिक्सेनी म्हणाली.

हसू जिथल्या तिथं थांबलं. गावात प्रार्थनेत वाचायची जिवंतांच्या नावांची चिठ्ठी वेगळी, मेलेल्यांची वेगळी. एकदा पापांकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि थ्रासिवुलोसचं नाव मृतांत वाचलं गेलं, तर हा गडी आठवडाभर अंथरुणात पडून मरणाची वाट बघत होता.

तोच थ्रासिवुलोस आता पुटपुटला, "म्हातारे, मरणाला घरचा पत्ता देतेयस."

"पत्ता त्याला माझ्या बारशापासून ठाऊक आहे. जन्मभर मी गायले ती यांच्या उरावर उभी राहून. यांनी आधी इथं देवाला आळवलं, म्हणून माझ्या सुराला जागा मिळाली. त्यांना आकडा म्हणून जाऊ देऊ? नाही द्यायची. वाचा, पापा. पोलिक्सेनी."

थ्रासिवुलोसनं टोपी काढली. "मला तर एकदा वाचून झालंय. घ्या माझंही."

मग एकेक जण पुढं आला. कुणी क्रूसाची खूण करून नाव सांगितलं, कुणी बायकोकडे बघत. शेवटी एक लहानसा डबा उरला.

"मुलगी असावी," दानाई हळूच म्हणाली. "सहा-सात वर्षांची."

कुणाच्या ओठांवर नातीचं नाव आलं नाही. पोलिक्सेनीनंही ते मागितलं नाही. दानाईनं हाताची माती झटकली, पुन्हा झटकली.

"दानाई," ती म्हणाली.

पापांनी धूप घातला. पोलिक्सेनीनं खुर्चीतूनच सूर लावला. "यांचं स्मरण चिरंतन राहो" म्हणताना तिचं स्वतःचंच नाव आलं, पण आवाज हलला नाही. उलट तिथंच तिनं तो चढवला, वरच्या आणि खालच्या दोन्ही चर्चमध्ये भरेल असा. नंतर सगळ्यांनी मूठमूठ गहू खाल्ले. ड्रायव्हरनंही, "देव त्यांना क्षमा करो" म्हणत.

दानाईनं खडू घेतला आणि प्रत्येक आकड्याच्या वर नाव लिहिलं.

"तपासणी झाली की परत पुरायला आणीन, आजी. पण वरचे साहेब ऐकतील का, सांगता येत नाही."

"त्यांना सांग, आम्ही अजून मेलो नाही. आमचं आम्हाला परत हवंय. आणि तुझंही नाव आहे त्यात, विसरू नकोस."

गाडीला वाट द्यायला ती उठली. खुर्ची मात्र तिनं घरी नेली नाही. चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवली, रस्त्याकडे तोंड करून.